खेमा साळिंदराचा खटला

एका जंगलात, बाळांनो, जमीन अधूनमधून हलायची.

रोज नाही. महिन्यातून एखाद्या वेळी. आधी खालून गुरगुर ऐकू यायची, मग झाडांवरून दोन-चार पानं पडायची, आणि पुन्हा सगळं शांत. सुरुवातीला प्राणी घाबरून पळत सुटायचे. मग सवय झाली. सवय ही फार गुणाची गोष्ट आहे. ती लागली की काहीच करावं लागत नाही. अस्वल तर म्हणायचं, जरा हलल्याशिवाय आपल्याला गाढ झोपच लागत नाही.

त्या जंगलात एक उंच कडा होता. कड्याच्या पोटात गुहा होत्या. गुहेवर गुहा, तिच्यावर आणखी गुहा. सगळं जंगल तिथंच राहायचं, कारण वाघमहाराज तिथं राहायचे, आणि महाराजांचा शेजार कोणाला नको असतो? हरणांना नको असायचा. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

गुहा खोदायचं काम भुजंगराव नावाच्या रानडुकराकडे होतं. जो तो त्याच्याकडे जाऊन म्हणायचा, आमची गुहा जरा मोठी करून द्या. भुजंगराव मधले दगडी खांब उकरून टाकायचा. मग मागे सरून मान वाकडी करून बघायचा आणि विचारायचा, किती मोकळं वाटतंय की नाही? सगळे म्हणायचे, वाटतंय. ते खांब तिथं कशाला होते, हे कोणी विचारायचं नाही. विचारलं असतं तरी भुजंगरावाला ते ठाऊक नव्हतं.

कड्याच्या अगदी तळाशी एका बिळात खेमा साळिंदर राहायचा. बायको सगुणा आणि दोन पिल्लं. पोटाला जमीन लावून झोपणारा प्राणी तो. जमीन हलायच्या किंचित आधी त्याच्या पाठीवरचे काटे आपोआप खुळखुळायचे. शिवाय त्याच्या बिळाशेजारी कड्याला एक भेग गेलेली होती. गेल्या वर्षी तीत त्याचं नख जायचं. यंदा पंजा जाऊ लागला.

खेमा दरबारात गेला. त्यानं भेगेचं सांगितलं, खांबांचं सांगितलं. हे छोटे धक्के म्हणजे काहीच नाही, एक मोठा यायचा आहे, असंही सांगितलं. निदान राहिलेले खांब तरी काढू नका, आणि जमीन हलली तर माळावर कसं पळायचं ते सगळ्यांना शिकवा, अशी त्यानं विनंती केली.

महाराजांनी एकच प्रश्न विचारला. "कधी येणार?"

"ते सांगता येत नाही, महाराज. उद्या येईल, नाहीतर वीस वर्षांनी येईल. पण येणार."

प्रधान कोल्हा हसला. तो म्हणाला, "तारीख असेल तर तिला बातमी म्हणतात, खेमाजी. नसेल तर अफवा."

तरी महाराज दयाळू होते. त्यांनी माळावर पळण्याचा सराव ठेवला. पण त्या दिवशी ऊन फार होतं. म्हणून सराव मोठ्या गुहेतच झाला. सगळे गुहेच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळाले. ससा पहिला आला, त्याच्या गळ्यात हार पडला. पुढच्या पंधरवड्यात खराच एक धक्का आला, तेव्हा ससा एकटाच बाहेर माळावर पळाला. सगळं जंगल पोट धरधरून हसलं. त्यानंतर ससाही आतच बसू लागला.

घरी वेगळीच गत होती. सगुणेला पाणवठ्यावर टोमणे ऐकावे लागत. भाकीतवाल्याची बायको आली, असं म्हणून बायका बाजूला सरत. खेमा तिला म्हणायचा, चल, आपण माळावर राहायला जाऊ. ती नको म्हणायची. माळावर आडोसा नाही, तरस फिरतात, पिल्लं लहान आहेत. एकदा ती त्याला म्हणाली, "तुमचं खरं आहे, हे मला कळतं हो. पण खऱ्याबरोबर राहायचं म्हणजे शेजार सोडायचा. मला तेवढं धैर्य नाही."

खेमा काही दिवस एकटा माळावर झोपला. पण तिथं त्याचा डोळाच लागेना. पिल्लं कड्याखाली आणि आपण आभाळाखाली, हे त्याला सोसेना. शेवटी तोही बिळात परत आला. भेगेकडे तोंड करून पिल्लांच्या अंगावर हात टाकून पडून राहायचा. ज्याला काही माहीत नव्हतं तोही आतच झोपायचा, आणि ज्याला सगळं माहीत होतं तोही आतच. जंगलाला यात फार मोठी गंमत वाटली.

मग महाराजांचा वाढदिवस आला. सोहळ्याला सगळी प्रजा एका छताखाली मावली पाहिजे, म्हणून भुजंगरावानं दरबाराच्या गुहेतले उरलेसुरले दोन खांबही काढले. सकाळी महाराज वाजतगाजत निघाले. दारात येऊन बघतात तर खेमा काटे उभे करून उंबऱ्यात आडवा पडलेला.

कोल्ह्यानं त्याला समजावलं, दटावलं. खेमा हलला नाही. मला ओलांडून जायचं तर जा, एवढंच तो म्हणत राहिला. महाराजांनी एक पंजा पुढे केला, काट्यांकडे पाहिलं आणि मागे घेतला. राजाला स्वतःच्याच वाढदिवसाला बाहेर उभं राहावं लागलं. ढोल थांबले. वानरांनी फांद्यांवर बसून हे सगळं पाहिलं, हे महाराजांना सर्वांत जास्त लागलं.

खेमाला पकडण्यात आलं. आरोप दोन. घबराट पसरवणं, आणि महाराजांना ताटकळत ठेवणं.

खटला दरबारातच चालवायचा, असं कोल्ह्यानं ठरवलं होतं. पण तो बघायची हौस सगळ्यांनाच. म्हाताऱ्याकोताऱ्यांना यायचं होतं, लेकुरवाळ्यांना यायचं होतं. आजारी कासवालाही दोघांनी उचलून आणलं. कोणाची फजिती होणार असली की घरी बसायला कोण तयार होतो? दरबार एवढा मोकळा केला होता, तरी तो पुरेना. शेवटी खटला माळावर भरला. ऊन महाराजांना आवडत नव्हतं. पण गर्दी आवडली.

भुजंगरावानं साक्ष दिली. आपण आजवर शंभर गुहा खोदल्या आणि एकही पडली नाही, असं त्यानं छाती पुढे काढून सांगितलं. मग कोल्हा खेमाकडे वळला.

"कडा पडणार, असं तू म्हणतोस. मग तू स्वतः झोपतोस कुठं?"

"कड्याखाली."

लोक हसू लागले. कोल्ह्यानं त्यांना पोटभर हसू दिलं. मग विचारलं, "का रे बाबा?"

"माझी पिल्लं तिथं झोपतात," खेमा म्हणाला.

हसू जरा कमी झालं. गर्दीच्या कडेला सगुणा दोन्ही पिल्लांना पोटाशी धरून उभी होती. तिनं मान खाली घातली.

महाराज शिक्षा सांगायला उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला, आणि तेवढ्यात खेमाचे काटे खुळखुळले. बघा, भ्यायला लागला, असं वानर म्हणाले. खेमानं मात्र सगुणेकडे बघून शांतपणे सांगितलं, "खाली बस. पिल्लांना धर. कड्याकडे जाऊ नकोस."

मग जमीन हलली. नेहमीसारखी नाही. पाण्यावरच्या पानासारखी हलली. उभे होते ते पडले, पडले होते ते लोळले. महाराजांनी चारी पंजांनी गवत घट्ट धरून ठेवलं. आणि समोर तो कडा, गुहेवर गुहा, तिच्यावर गुहा, आधी मधोमध वाकला आणि मग सगळाच्या सगळा खाली बसला. धूळ एवढी उठली की शेजारचा शेजाऱ्याला दिसेना.

धूळ खाली बसल्यावर आयांनी पिल्लं मोजली. पुन्हा मोजली. सगळी होती. म्हातारी होती, आजारी कासव होतं. जंगलातला एकही जीव कमी नव्हता. भुजंगराव तेवढा दगडांच्या ढिगाकडे बघून रडत होता. मोकळं आता खरोखरच वाटत होतं.

एक म्हातारी हरणी खेमाच्या दिशेनं दोन पावलं चालली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण कोल्हा तिच्या आधी उभा राहिला.

तो म्हणाला, "महाराजांनी आज सगळ्या प्रजेला घराबाहेर काढलं नसतं, तर काय झालं असतं, याचा विचार करा."

प्रजेनं विचार केला. अंगावर काटा आला. मग जयजयकार सुरू झाला, आणि महाराजांना आपण हे मुद्दामच केलं होतं असं हळूहळू आठवू लागलं. हरणी परत फिरली आणि जयजयकारात सामील झाली.

खटला तेवढा उरला होता. धक्का खराच आला, त्यामुळे घबराट पसरवल्याचा आरोप टिकला नाही. म्हणून नवा आरोप ठेवण्यात आला. एवढं सगळं माहीत असून खेमानं तारीख लपवून ठेवली. शिक्षा अशी ठरली, की त्यानं जन्मभर माळावरच राहायचं, कोणत्याही गुहेत पाऊल टाकायचं नाही. बाकीच्यांसाठी नदीपलीकडच्या कड्यात त्याच आठवड्यात खोदकाम सुरू झालं. काम भुजंगरावालाच मिळालं. एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला होता?

सगळे नदी ओलांडून गेले. खेमा माळावर बसून राहिला. संध्याकाळी सगुणा पिल्लांना घेऊन आली आणि त्याच्या शेजारी गवत दाबून जागा करू लागली.

तिला शिक्षा झालेली नाही, ती त्यांच्याबरोबर जाऊ शकते, असं खेमानं तिला सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "जरा सरका तिकडे."

तात्पर्य : खरं बोलणाऱ्यावर खटला जरूर भरावा. फक्त तो उघड्यावर भरावा, आणि सर्वांनी मुलाबाळांसकट यावं.