अय्यूबभाईंचं न उकळणारं पाणी

आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत सगळे पाणी गॅसवर उकळतात. तिसऱ्या मजल्यावरचे अय्यूबभाई इनामदार ते कॉम्प्युटरवर उकळतात. पाण्याचे हजारभर रेणू स्क्रीनवरच्या एका डबीत भरायचे, कोण कुणाला किती ओढतो याचं गणित मांडायचं आणि डबी कधी उकळते ते बघत बसायचं. मागे एकदा पाणी एकसष्ट अंशाला उकळलं, तेव्हा त्यांनी जिन्यात पेढे वाटले.

मी म्हणालो, शंभरला उकळतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.

"ते मोजलेलं हो, जगताप साहेब. हे काढलेलं."

भोसरीच्या रंगाच्या कारखान्यात ते केमिस्ट होते. तेव्हा थिनर नुसता हुंगून ओळखायचे म्हणे. आता हुंगणं त्यांना अडाणीपणा वाटतो. लिफ्टमध्ये कुणी सेंट मारून आला, की नाक न हलवता म्हणतात, "मोठा रेणू दिसतोय. सावकाश उडणार."

हा नाद लावला मुलीनं. सना जर्मनीत याच विषयात संशोधन करते आणि दर रविवारी फोनवर बापाचं गणित तपासते. रविवारच्या आत उत्तर हाती नसलं, की घरात एकटेच राहणारे अय्यूबभाई कासावीस होतात.

परवा गुरुवारी नेहमीप्रमाणे दुरुस्तीसाठी वीज गेली. गणित शनिवारी संपणार होतं, म्हणून त्यांनी लिफ्टच्या जनरेटरवरून वायर ओढली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत आमचे चेअरमन, भाजीसकट. बाहेर निघाल्यावर त्यांनी मला, म्हणजे सेक्रेटरीला, प्लग काढायला पाठवलं.

अय्यूबभाई प्लगला पाठ लावून बसले होते. आज बंद केलं तर रविवारी सनाला काय दाखवू, हे त्यांचं पालुपद.

मी चाकणच्या कंपनीत इन्स्पेक्शनला. माझी नजर आधी आकड्यावर जाते. स्क्रीनवर तापमान शंभर आणि पुढे एकक केल्व्हिन. म्हणजे शून्याखाली एकशे त्र्याहत्तर. एवढ्या गारठ्यात गृहस्थानं पाणी उकळायला ठेवलं होतं. मी म्हटलं, दिवाळी आली तरी उकळायचं नाही, तीनशे त्र्याहत्तर घाला.

त्यांनी उठून दार लोटलं.

"माहीत आहे."

मग हळूहळू सांगितलं. उत्तर बरोबर आलं की सना "छान, अब्बा" म्हणते आणि फोन ठेवते. चुकलं की तासभर रागावते, समजावते, मधेच जेवलात का विचारते, खोकला अजून आहे का विचारते.

"पण ही चूक तिला लगेच दिसेल, राव," ते खाली बघत म्हणाले. "तुम्ही तपासणीतले. जरा खोलातली एखादी सुचवा ना."

नोकरीभर मी लोकांच्या चुका काढत आलो. चेअरमनना फोन करून सांगितलं की प्लग काढायला वेळ लागेल, आणि खुर्ची ओढून एक चूक घालायला बसलो.