येऊ का, असं विचारणारे वानखेडे

आमच्या कचेरीतले वानखेडे कोणाच्याही संगणकाला हात लावण्याआधी पडद्याच्या कडेवर बोटाने दोनदा टकटक करत आणि विचारत, "येऊ का जी?" खुर्चीत माणूस असो वा नसो. नसला तरी क्षणभर थांबत आणि मगच बसत.

"अहो वानखेडे, संगणक आहे तो, देवघर नव्हे," गोखलेबाई म्हणत. आमच्याकडे कालव्यांचे नकाशे काढणाऱ्यांत त्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत तिखट.

"बाई, दुसऱ्याच्या घरात शिरताना विचारतोच ना आपण?" वानखेडे हसून म्हणत. "माणसाचं अर्धं घर आता याच्यातच राहते."

अमरावतीकडचे हे गृहस्थ तीस वर्षांपूर्वी पुण्यात आले आणि येरवड्याला राहिले. पुण्याने त्यांना पुष्कळ टोमणे ऐकवले, पण त्यांचं 'करून राहिलो' काही सुटलं नाही. शनिवार पेठेतल्या आमच्या कचेरीतले तेवीस संगणक अपडेट करत राहणं हे त्यांचं काम. सुरुवातीला ते कापडी पिशवीत सीड्या घेऊन शनिवारी टेबलामागून टेबल फिरत. एकेका यंत्राला तासभर लागे. तेवढा वेळ यंत्राचा मालक रिकामा, म्हणून तो बोलत सुटे. कोणाचे गुडघे, कोणाच्या मुलीची अ‍ॅडमिशन, कोणाचा न निघणारा भाडेकरू. वानखेडे पडद्याकडे पाहत सगळं ऐकत.

मग कचेरीत सर्व्हर आला. आता वानखेड्यांना आपल्या खोलीत बसल्या बसल्या तेवीसच्या तेवीस यंत्रांना अपडेट धाडता येई. दुसरा कोणी असता तर कळ दाबून चहाला गेला असता. वानखेडे आधी ते स्वतःच्या यंत्रावर घेत, आठवडाभर वापरून पाहत आणि मगच आम्हाला देत. "आधी स्वयंपाक्यानं चाखावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांचं यंत्र तीस टक्क्यांवर अडकलं ते दोन दिवस हलेना. हे त्याच्यासमोरच डबा खात बसले.

"गेलं का?" गोखलेबाईंनी दारातून विचारलं.

"बाळंतीण आहे बाई. घाई करू नका."

तिसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं, तर नकाशांवरची सगळी मराठी अक्षरं चौकोन होऊन बसलेली. ते अपडेट त्यांनी आमच्यापर्यंत येऊच दिलं नाही. दुरुस्त होऊन आलं तेव्हाच पुढे सोडलं. आमचे नकाशे बचावले, आणि त्यांचे आभार कोणी मानले नाहीत. मीही नाही. याची मला आज लाज वाटते.

सर्व्हर आल्यावरही ते टेबलाशी येत, टकटक करत, "कधी चालेल जी?" विचारत आणि खाकी कव्हराच्या वहीत काहीतरी टिपून घेत. यंत्रांचे नंबर लिहीत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी आमची कचेरी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. मुख्य कचेरीतल्या एक बाई व्हिडिओ कॉलवर आल्या. बोलायला गोड होत्या. "सर, आता सगळं इकडूनच जाईल. डेडलाइन संपली की मशीन स्वतःच रिस्टार्ट होईल. एक जरी मागे राहिलं तरी सगळ्यांना धोका असतो ना."

"ते बरोबर आहे जी. पण माणसाले विचारते कोण?"

"पॉप-अप येतो ना, सर."

वानखेड्यांनी वही उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. "कोणाले कधी चालते, ते लिहून आहे याच्यात. पाठवून देऊ का?"

बाईंनी जरा पुढे वाकून पान पाहिलं. "सर, सिस्टीममध्ये त्याला जागा नाही हो." त्यांनाही वाईट वाटलं असावं. वानखेड्यांनी वही हळूच खाली घेतली.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. ते त्यांनी खोलीत बसून काढले. एकदाच माझ्या टेबलाशी आले, टकटक केली, मग काही आठवल्यासारखं करून म्हणाले, "नाही, सहज." आणि परत गेले. शेवटच्या दिवशी मात्र वही माझ्या हातात दिली. "रद्दीत जाईल. तुमच्याजवळ राहू द्या."

ते गेल्यावर मी ती उघडली. "गोखलेबाई: सोमवारी नको, गुडघा दुखतो, चिडतात." "जोशी: फाइल सेव्ह न करता उठतात, आपण करावी." असं पानोपानी. मग माझं नाव आलं. "दुपारी बाराला हात लावू नये. आईशी बोलतात."

माझी आई वाईला असायची. तिचा चेहरा मोठा दिसावा, म्हणून मी कचेरीच्या मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉल लावायचो. ती रोज एकच विचारायची, "जेवलास का रे?" दोन वर्षांत एकदाही त्या वेळी यंत्र बंद पडलं नव्हतं. मला वाटायचं, नशीब.

ती ओळ खोडलेली होती. आई गेली त्या महिन्यात खोडली असणार. खाली दुसऱ्या शाईत लिहिलं होतं, "आता चालेल. पण लावू नये. बाराला तसेच बसून असतात."

मला पुढचं दिसेना. थोड्या वेळाने शेवटचं पान उघडलं. तिथे त्यांचं स्वतःचं यंत्र होतं. "वानखेडे: कधीही." त्यांची बायको कधीची गेली, मुलगा परदेशी, हे मी ऐकून होतो. तेवढंच. त्या माणसाने तेवीस जणांच्या वेळा जपल्या होत्या, आणि त्याचा डबा कोण भरतं हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाराला मी त्यांना मोबाइलवरून फोन लावला.

"काय बिघडलं जी?" त्यांनी लगेच विचारलं.

"काही नाही. जेवलात का?"

पलीकडे फोडणी चुरचुरत होती. ते म्हणाले, "थांबा हं. गॅस बारीक करून येतो." आले, आणि आम्ही साडेबारापर्यंत बोललो. मध्येच माझा पडदा काळा झाला आणि यंत्र आपणहून पुन्हा सुरू व्हायला लागलं. मी त्याला होऊ दिलं.