नव्या रणगाड्याचं वय

शलाकाने बनवलेला वीतभर लांबीचा रणगाडा मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी रोहोकल्यांच्या घरातला सर्वांत वडीलधारा ठरला.

त्यात कुणाचा काही डाव नव्हता. तात्या पेपर घ्यायला हॉलमध्ये आले, टीपॉयवर वाळत ठेवलेला रणगाडा त्यांना दिसला. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी वाकून एकदा या अंगाने आणि एकदा त्या अंगाने पाहिलं, आणि मग खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत न बसता ते शेजारच्या स्टुलावर बसले. वेताची खुर्ची घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाची. आजोबा गेल्यापासून तीत तात्यांशिवाय कुणी बसलं नव्हतं.

“तात्या, खुर्चीचा पाय मोडला का?” शलाकाने विचारलं.

“खुर्चीला काय धाड भरलीय. हे माझ्यापेक्षा मोठे आहेत.”

त्यांनी रणगाडा दोन्ही हातांनी उचलला, खुर्चीतल्या उशीवर मधोमध ठेवला आणि नमस्कार केला. आई चहा घेऊन आली, तिने ते पाहिलं, आणि पहिला कप रणगाड्यासमोर ठेवला.

शलाकाला वाटलं, थट्टा चाललीय. पण तात्या थट्टा करत नसत. ते तिचे थोरले चुलते. सगळी नोकरी एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून झालेली, त्यामुळे अजूनही काही बोलण्याआधी शिट्टी फुंकणार असल्यासारखे गाल फुगवत. घरातली प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून होई. शलाकाचे वडील सुरतेला कामाला होते आणि फोनवर “तात्यांना विचार” यापलीकडे काही सांगत नसत. तात्यांना विचारलं की ते गाल फुगवत, खिडकीबाहेर पाहत आणि म्हणत, “बघू.”

शलाकाच्या बाबतीत ते दसऱ्यापासून बघत होते. बंगळूरच्या एका स्टुडिओने तिला कामाला बोलावलं होतं. संग्रहालयांसाठी लढायांचे देखावे करायचे, त्यातली छोटी माणसं, छोटे पूल, छोटे रणगाडे. येतेस की नाही ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव, आणि येताना हातचा एक नमुना आण, असं त्यांनी सांगितलं होतं. न विचारता निघून जायचा प्रयत्न तिने एकदा केला होता. पण भाजीला किंवा मैत्रिणीकडे जाताना सहज निघणारी दाराची कडी, हातात परगावची बॅग असली की थोरल्यांच्या होकाराशिवाय निघत नसे. सुतार येऊन पाहून गेला. कडीत काही दोष नाही, ही घराची पद्धत आहे, असं तो म्हणाला.

“तात्या, हा मी बनवलाय,” शलाका म्हणाली. “याच्या तोफेची नळी मी गेल्या आठवड्यात चिकटवलीय.”

“कवळी नवी बसवली म्हणून माणूस नवा होत नाही.”

“अहो, प्लॅस्टिकचा आहे तो!”

“आणि हा गंज?”

गंजाचा शलाकाला अभिमान होता. आधी सगळ्या अंगाला गंजाचा तांबूस रंग दिला, त्यावर केसांना मारायचा स्प्रे मारला, त्यावर लष्करी हिरवा. मग ओल्या ब्रशने घासलं की हिरव्याचे टवके उडतात आणि खालचा गंज खराखुरा बाहेर आल्यासारखा दिसतो. कडांवर शिसपेन्सिल फिरवून तिने लोखंड उघडं पाडलं होतं. तेलाचे ओघळ सोडले होते. भिंगारच्या नाल्याकाठची माती चहाच्या गाळणीतून चाळून ती पट्ट्यांवर थापली होती, आणि ती गाळणी आईने अजून परत घेतली नव्हती. असं काम करणाऱ्यांची एक नेहमीची चूक असते. कुठे थांबायचं ते कळत नाही. अजून एक ओघळ, अजून एक टवका, असं करता करता शलाकाचा रणगाडा तिच्या हातून फार म्हातारा झाला होता.

“खात्री करून घेऊ,” तात्या म्हणाले, आणि त्यांनी खालच्या मजल्यावरच्या सुभेदार वाघस्करांना बोलावलं.

सुभेदारांची उमर रणगाड्यांत गेली होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून, भिंग घेऊन आले. खुर्चीसमोर सावधान उभे राहिले, मग उकिडवे बसून त्यांनी रणगाड्याची चाकं, पट्टे आणि पोट पाहिलं.

“ब्याऐंशी,” ते म्हणाले. “पूर्ण.”

“काका, तुम्ही तरी!” शलाका म्हणाली. “तुम्हाला माहितीय ना, मी गॅलरीत बसून रंगवत होते? तुम्हीच वास येतोय म्हणून ओरडला होतात.”

“ओरडलो होतो. बिलकुल ओरडलो होतो.”

“मग याचं वय किती? तुमच्या डोळ्यांसमोर झालाय तो.”

“बेटा, जन्म कधी झाला ते तू सांगतेस. वय किती ते हा सांगतो. दोन गोष्टी वेगळ्या.” त्यांनी मोठ्या कळकळीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “वय तूच दिलंस. आता परत मागू नये.”

शलाकाला यातलं कुठलं वाक्य चुकीचं आहे ते सापडेना. सगळं मिळून चूक होतं, पण एकेक घेतलं तर बरोबर वाटत होतं.

त्या दिवसापासून रणगाड्याला घरात थोरले म्हणू लागले.

दुपारी शलाकाला एक गोष्ट सुचली आणि ती आनंदाने तात्यांच्या खोलीत धावली. “तात्या, तुम्ही आता थोरले नाही. म्हणजे तुमचं ‘बघू’ रद्द!”

“रद्दच,” तात्या म्हणाले. ते आरशासमोर मिशीला तेल लावत होते. “मला काय विचारतेस? मी लहान माणूस. थोरल्यांना विचार.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्यांना विचारशील तेव्हा माझंही विचार. मला एकदा गोव्याला जायचंय.”

“तुम्हाला?”

“नोकरीभर गोव्याची गाडी मी सोडली. ‘चला, गोवा, गोवा’ म्हणून ओरडलो. बसलो कधीच नाही.”

“मग बसायचं ना! तुम्हाला कुणी अडवलं होतं?”

तात्यांनी गाल फुगवले. “थोरला होतो,” ते शेवटी म्हणाले, आणि कॅरम खेळायला खाली निघून गेले.

शलाका हॉलमध्ये येऊन खुर्चीसमोर उभी राहिली. आपण काय करतोय हे तिला नीट कळत होतं, म्हणूनच कान तापले होते. “मला बंगळूरला जायचंय,” ती रणगाड्याला म्हणाली. “जाऊ?”

रणगाड्याची तोफ खिडकीकडे होती. शलाकाने थोडा वेळ वाट पाहिली. मग बोटांनी बुरूज धरून तोफ स्वतःकडे वळवली.

“शलाके!” मागून शकुआत्या किंचाळली. ती वडिलांची बहीण, कायमची इथेच राहणारी आणि सगळीकडे नजर असलेली. “मोठ्यांचं तोंड धरून फिरवतेस? याच्यासाठी शिकवलं तुला?”

“आत्या, तो फिरतो! फिरावा म्हणूनच तसा बसवलाय!”

“बोलले का ते?”

“नाही.”

“मग बघताहेत. बघू देत की. घाई मेली तुम्हा पोरींना.”

बुधवारी शकुआत्याने थोरल्यांना लोणच्याच्या कैऱ्या कधी आणायच्या ते विचारलं. आईने गॅलरीची जाळी बदलायची का ते विचारलं. ते काही बोलले नाहीत, म्हणून कैऱ्या आल्या नाहीत आणि जाळी तशीच राहिली. घर अगदी पूर्वीसारखं चाललं होतं. शलाकाला सर्वांत जास्त याचीच भीती वाटली. दसऱ्यापासून आपण ज्यांच्याशी भांडत होतो ते नक्की तात्याच होते, की ती खुर्ची, हे तिला कळेनासं झालं.

गुरुवारी आई आणि आत्या बाजारात गेल्या तेव्हा तिने थिनरची बाटली आणि कापसाचे बोळे घेतले. आपण दिलेलं वय आपण पुसू शकतो, हे तर साधं गणित होतं. तिने रणगाडा मांडीवर घेतला आणि डावी बाजू पुसायला सुरुवात केली. माती गेली, ओघळ गेले, गंज गेला. खालून कोवळं, करडं, चकचकीत प्लॅस्टिक निघालं. डावी बाजू पूर्ण होते न होते तोच कॅरम संपवून तात्या वर आले, आणि त्यांच्यामागे सुभेदार.

कुणी ओरडलं नाही. सुभेदारांनी खिशातून भिंग काढलं.

“डाव्या अंगाने तीन महिने,” त्यांनी सांगितलं. “उजव्या अंगाने ब्याऐंशी.”

“मग?” शलाकाने विचारलं. “सरासरी काढा ना! एक्केचाळीस होतात. तात्या मोठे!”

तात्या चटकन एक पाऊल मागे सरले.

“वयाची सरासरी नसते, बेटा,” सुभेदार म्हणाले. “जी बाजू जास्त, ती धरतात. माझा एक पाय बासष्ट वर्षांचा आहे, दुसऱ्याचा बदललेला गुडघा चार. मला कुणी पोरगा म्हणतं का?”

तात्यांनी रणगाडा हलकेच तिच्या हातातून घेतला आणि उजवी बाजू सगळ्यांना दिसेल अशा बेताने खुर्चीत ठेवला. थिनरची बाटलीही त्यांनी खिशात घातली. “मला गोव्याला जायचंय, शलाका,” ते इतकंच म्हणाले. तिने त्यांना कधी असं काही मागताना पाहिलं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. दुपारपर्यंत शलाका बिछान्यात छताकडे पाहत पडून राहिली. संध्याकाळी बंगळूरहून फोन येणार होता. बॅग भरून दारापाशी ठेवलेली होती आणि कडी निघत नव्हती. तिने पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून मांडून पाहिलं. जन्म वेगळा, वय वेगळं. वय दिसण्यावर. दिसणं रंगावर. रंग तिच्या टेबलावर.

ती उठली आणि आरशासमोर बसली.

या वेळी तिने घाई केली नाही. आधी पातळ केलेला भुरा रंग कपाळावर फिरवला आणि वरचा पुसून घेतला, म्हणजे तो फक्त रेघांत उरला. डोळ्यांच्या कडांना बारीक ब्रशने तडे दिले. हातांच्या पाठीवर शिरा उठवल्या, बोटांच्या पेरांवर काळसर छटा. केसांवरून जवळजवळ कोरडा ब्रश पांढऱ्यात टेकवून फिरवला. घोट्यांना उरलेली माती फुंकरीने बसवली. आपल्या हातून किती जास्त होतं ते तिला आता ठाऊक होतं, आणि या वेळी जास्तच व्हायला हवं होतं. ब्याऐंशीवर थांबून चालणार नव्हतं. तिने अजून एक ओघळ सोडला. अजून एक टवका.

ती हॉलमध्ये आली तेव्हा सगळे चहाला बसले होते. सुभेदारही होते. त्यांनी भिंग काढलं, पण डोळ्याला लावायच्या आधीच उठून उभे राहिले.

“सत्त्याऐंशी,” ते म्हणाले. “कमीत कमी.”

शकुआत्याने डोक्यावर पदर घेतला. तात्यांनी रणगाड्याला उचलून शोकेसवर ठेवलं, उशी झटकली आणि शलाकाला कोपराला धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी धरलं ते बरं झालं असं तिला वाटलं, कारण बसताना गुडघा कुरकुरला. आईने पहिला कप तिच्यासमोर ठेवला. साखर कमी होती, आणि तेही बरोबर होतं.

“मोठ्याबाई,” आई तिच्या पायाशी बसून म्हणाली, “घरात एक मुलगी आहे. तिला बंगळूरला नोकरी लागलीय. आज कळवायचंय. तिला पाठवायचं का?”

तात्या पुढे झुकले. आत्यासुद्धा.

शलाकाने हो म्हणायला तोंड उघडलं. दसऱ्यापासून ती हा एक शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकायला तडफडत होती, आणि आता तो तिच्याच तोंडात होता. तेवढ्यात तिची नजर खिडकीबाहेर गेली. या खुर्चीतून काय दिसतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. फाटकापर्यंतचा रस्ता दिसत होता, आणि फाटकाच्या पुढे तो वळत असल्यामुळे गेलेलं माणूस त्यानंतर दिसत नव्हतं. मुलगी तेवीस वर्षांची. डोकं गरम. तिकडे कुणी ओळखीचं नाही. तात्यांची कॉलर उलटी झाली होती. ती मुलगी गेल्यावर सरळ कोण करणार? आणि आईकडे पाहिलं तर ती किती थकलेली दिसत होती, खुर्चीतूनच ते दिसत होतं.

कुठल्या तरी एका वाक्यात चूक होती. शलाकाने ती शोधायचा प्रयत्न केला. तिचे गाल आपोआप फुगले.

“बघू,” ती म्हणाली.

आईने मान डोलावली आणि रिकामे कप गोळा केले. तात्या स्टूल खिडकीपासून दूर ओढून त्यावर बसले.

आतल्या खोलीत फोन वाजू लागला. बराच वेळ वाजत राहिला.

“कुणाचा आहे तो?” शलाकाने विचारलं. “घेत का नाही कुणी?”

“मुलीचा आहे,” आत्या म्हणाली.

“मग मुलगी कुठे गेली?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आई गॅलरीत डोकावून आली, तात्यांनी जिन्यात हाक मारली. दारापाशी बॅग होती, कडी लागलेली होती, पण मुलगी कुठेच दिसली नाही.

“असेल इथेच कुठेतरी,” शलाका म्हणाली. “हाका मारलेल्या ऐकू येतात कुठे हल्लीच्या पोरींना? आली की माझ्याकडे पाठवा.”

फोन थांबला. तिने चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता.