ग्रेडर साहेबांनी परत केलेले फ्राईज

बाविसाव्या वर्षी मी कापसावर पाणी मारलं होतं. आता कबूल करायला हरकत नाही. तो कापूस कधीच विकला गेला, गाडीचे बैल गेले, नवराही गेला, आणि ज्या माणसाला फसवायला निघाले होते तो आज यवतमाळात माझ्या शेजारच्या घरात राहतो.

तेव्हा आमचा कापूस बैलगाडीतून घाटंजीच्या खरेदी केंद्रावर जायचा. वजन वाढावं म्हणून काही हुशार लोक आदल्या संध्याकाळी कापसावर पाण्याचा हलका शिपका मारतात, असं मी ऐकून होते. त्यातलं 'हलका' मी मनावर घेतलं नाही. नवरा तापानं पडलेला, म्हणून सासूबाईंनी मला गाडीवानाबरोबर धाडलं. निघताना मी दोन घागरी ओतल्या. केंद्रावर पोचलो तेव्हा गाडीखालून धार लागली होती.

कापसाची प्रत ठरवतो तो ग्रेडर. तिथले ग्रेडर वानखडे साहेब तेव्हा नवीनच होते, बारीक मिशीचे, इस्त्रीच्या बुशशर्टातले. त्यांनी खांद्यापर्यंत हात कापसात घातला, बाहेर काढला आणि झटकला. थेंब माझ्या तोंडावर उडाले.

"बाई, कापूस आणला का धुणं?"

"रस्त्यात पाऊस लागला, साहेब," मी म्हणाले.

डिसेंबर चालू होता. साहेबांनी मान वर करून बराच वेळ आभाळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. एक घार होती.

"वाळवा," ते म्हणाले. "मी थांबतो."

मी ताडपत्रीवर कापूस पसरला आणि दुपारभर उलथापालथ करत बसले. बाकीच्या गाड्या गेल्या, मापाडी जेवायला गेले, पण साहेब खुर्ची टाकून बसून राहिले. अधूनमधून यायचे, मूठभर कापूस दाबायचे, "अजून नाही" म्हणायचे आणि परत जायचे. माझी खात्रीच पटली की हा माणूस माझ्या रूपावर भाळला. मी चार वेळा पदर सावरला. घरी आल्यावर तापानं पडलेल्या नवऱ्याआधी आरशात पाहिलं. हा गोड गैरसमज मी दोन वर्षं जपला. मग कळलं की साहेब ज्याची गाडी परत करत, त्या प्रत्येकासाठी असेच थांबत. आमच्या गावच्या एका बोळक्या म्हाताऱ्यासाठी तर दोन दिवस थांबले होते.

तर असे हे ग्रेडर साहेब. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण हात निवृत्त झाला नाही. जगातली कुठलीही वस्तू दोन बोटांत धरून दाबायची, ताणायची, उजेडात पाहायची आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच. उत्तम असेल तर "सुपर". बरं असेल तर "एफएक्यू". आणि टाकाऊ असेल तर "फरदड". फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर झाडाला उरलासुरला लागतो तो आखूड, किडका कापूस.

लग्नाला गेले की मंगल कार्यालयातल्या गादीचा कोपरा उसवून चिमूटभर कापूस काढतात. एकदा दवाखान्यात डॉक्टर सुई टोचायच्या तयारीत असताना त्यांच्या हातातला बोळा घेऊन ताणून पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टर, हे फरदड आहे." ती सुई आठवडाभर दुखली म्हणे. कुणी हात मिळवला तर तोही दाबून पाहतात. त्यांच्या पोरीनं पुण्याहून नवरा पसंत करून आणला, तेव्हा साहेबांनी जावयाचा हात हातात घेऊन एवढंच म्हटलं, "एफएक्यू. चालते." जावई शिकलेला आहे, चांगल्या नोकरीत आहे, पण यवतमाळला आला की आजही मला बाजूला घेऊन विचारतो, "काकू, ते चांगलं असतं की वाईट?"

तीन वर्षांपूर्वी मालतीबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, वारल्या. पोरगी पुण्यातूनच मोबाईलवर त्यांचा किराणा मागवते. सगळं पाकिटात बंद होऊन दारात येतं. साहेब पाकीट हातात घेऊन फिरवतात आणि ओट्यावर ठेवून देतात. पाकिटात काय दाबणार?

आता माझ्या दुसऱ्या मूर्खपणाकडे येते. हा गेल्या हिवाळ्यातला, म्हणजे तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची कोवळी होते.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, कॉलेजच्या वाटेत, एक नवी गाडी लागली. मालवाहू ऑटोला पिवळा रंग, वर दिव्यांची माळ आणि पाटी: लोडेड फ्राईज. मला लोडेड म्हटलं की कापसाचा ट्रकच दिसायचा. गाडी शबानाची. तिचा नवरा जावेद मेकॅनिक. त्यानं आपल्या गॅरेजातला जुना ऑटो कापून, जोडून तिला ही गाडी करून दिली आणि सांगितलं, "महिनाभर पाहू. नाही चाललं त ऑटो परत मालवाहतुकीला." शबाना बटाट्याच्या लांब फोडी तळायची, वर पोह्यावर घालतात ती लालभडक तर्री, त्यावर वितळलेलं चीज आणि कांदा-कोथिंबीर. पहिल्या आठवड्यातच पोरापोरींची गर्दी व्हायला लागली.

आणि माझ्या अंगात खोडी शिरली. मी साहेबांच्या फाटकात उभी राहून हाक मारली, "साहेब, चौकात नवा माल आला आहे! तुमच्याशिवाय पास कोण करन?"

मला वाटलं, हसून सोडून देतील. ते आत गेले, इस्त्रीचा बुशशर्ट घालून आले, खिशाला पेन लावला आणि चष्मा पुसत म्हणाले, "चला."

शबानानं प्लेट पुढे केली. आता, वरचा माल ग्रेडर कधी पाहत नाही, कारण वर सगळेच चांगलं ठेवतात. साहेबांनी दोन बोटं चीजखाली घातली आणि तळातली एक फोड ओढून काढली. रुमालानं पुसली. उजेडात धरली. ती मधूनच वाकली आणि लोंबायला लागली. मग त्यांनी ती दाबली, मोडली, कानाजवळ नेली. आजूबाजूला पोरांनी मोबाईल वर केले.

"ओल जास्त आहे," साहेब खणखणीत आवाजात म्हणाले. "माल परत!"

पोरं खो खो हसली. झारा हातात धरून शबाना उभीच राहिली. सगळ्यात जास्त कोण हसलं ते विचारू नका. मला ठसका लागला आणि शबानानंच पाणी दिलं.

दिवे लागायच्या आत तो व्हिडिओ कॉलेजभर झाला. दुसऱ्या दिवसापासून पोरं गाडीसमोरून जाताना ओरडायची, "ताई, माल पास झाला का?" आणि पुढच्या मोमोवाल्याकडे वळायची. तिसऱ्या दिवशी दुपारी शबाना माझ्या दारात आली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"आजी, गंमत तुमची होती ना?" ती म्हणाली. "काल चार प्लेटी गेल्या. त्यातली एक जावेदनं खाल्ली. तो म्हणते, अजून अठरा दिवस कायले वाट पाहाची, आत्ताच रंग खरवडून टाकतो. मी रात्रीतून कुठलं गिऱ्हाईक आणू, सांगा?"

मला खाली बघावंसं वाटलं, म्हणून मी खाली पाहिलं. मग चपला घातल्या आणि साहेबांना झाडायला निघाले. माझं निम्मं पाप त्यांच्या पदरात टाकायचा विचार होता.

साहेब व्हरांड्यात बसले होते. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन. मला पाहताच उठले.

"किती उशीर, वहिनी! दोन दिवस झाले, तयार होऊन बसून राह्यलो. वाळवला का तिनं माल?"

मी काय बोलायला आले होते ते विसरले.

"ती कायले बोलावन तुम्हाले?" मी म्हणाले. "तुम्ही माल परत केला, पोरांनी तिची टर उडवली, धंदा बसला तिचा!"

"पण परत केला म्हणजे वाळवून आणाचा असते," साहेब म्हणाले. "पुन्हा पाहतो ना आपण. हे तिले माहीत नाही?"

"तिले कसं माहीत असन? ती बटाटे तळते, साहेब. तिनं कधी कापूस विकला?"

साहेबांचा चेहरा असा उतरला, जसा मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी खिशातला पेन काढला, पाहिला, पुन्हा लावला.

"मंग मी तिथं थांबाले पाहिजे होतं," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

शबानाच्या स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी चपला काढल्या. ती आमच्याकडे पाठ करून बटाटे चिरत होती. "बाई, चूक झाली," साहेब म्हणाले. "माल परत करून मी घरी चालला गेलो. असं मी नोकरीत कधी केलं नाही."

शबानानं वळून पाहिलं. परत केल्याबद्दल माफी नव्हतीच, हे तिच्याही लक्षात आलं असावं. "ते ठीक आहे, चाचा," ती म्हणाली, "पण परत काहून केला? ओल कुठून आली? तेल त कडक असते."

ती चिरलेल्या फोडी धुवायची आणि तशाच ओल्या तेलात सोडायची. गर्दीत वेळ कुठे मिळतो? मी सांगितलं, आधी अर्ध्याकच्च्या उकड, निथळू दे, एकदा तळ, थंड कर, मग गिऱ्हाईक आलं की दुसऱ्यांदा तळ. तिनं सासूचं जुनं पांढरं सुती लुगडं जमिनीवर अंथरलं. त्यावर उकडलेल्या फोडी पसरल्या, पंखा पाचावर. साहेब पाटावर बसले. दर पाच मिनिटांनी एक फोड उचलायची, दाबायची आणि म्हणायचं, "अजून नाही."

"चाचा, बटाटा आहे तो," शबाना म्हणाली. "कापूस नाही."

"अजून नाही."

"माझी जिंदगी जाईन इथंच!"

"उलट्या करा. खालून ओल्या आहेत."

पहिला घाणा आम्ही तिघांनी कसाबसा गिळला. दुसऱ्यावर शबाना आणि मी भांडलो. तिसऱ्या घाण्याची फोड साहेबांनी आडवी धरली. वाकली नाही. मोडली, तर कट्कन आवाज आला. शबानानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. साहेब मात्र म्हणाले, "इथं नाही. निकाल केंद्रावर."

म्हणून पाच वाजता पुन्हा गाडीवर. पोरांनी साहेबांना पाहिलं आणि मोमो टाकून धावत आली. मोबाईल वर. शबानाच्या कपाळावर घाम होता, आणि जावेद गॅरेजातून येऊन ऑटोच्या मागे उभा होता.

साहेबांनी तळातली फोड धरली आणि वर ओढली. तिच्यामागं चीजही निघालं. साहेब हात वर नेतात, तर चीज तुटत नाही. छातीपर्यंत आलं, खांद्यापर्यंत आलं. साहेब टाचा उंचावून उभे राहिले, तरी तार तशीच. त्यांचे डोळे मोठे झाले.

"अबे!" ते पोरांना म्हणाले, "धागा पाहा! धागा! पन्नास वर्षं कापूस पाहून राह्यलो, एवढा लांब धागा नाही पाह्यला!"

मग, बाहेरचं कधी न खाणाऱ्या त्या माणसानं ती फोड तोंडात घातली. तार मिशीला गुंडाळली गेली. तर्रीनं डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी चावलं, गिळलं, रुमालानं मिशी पुसली.

"सुपर," ते म्हणाले.

तो आवाज मोमोवाल्यालाही ऐकू गेला. पोरं तुटून पडली. जावेदनं न सांगता बाह्या सरसावल्या आणि बटाटे सोलायला बसला. ऑटो अजून पिवळाच आहे. परवा त्यानं दिव्यांची आणखी एक माळ लावली.

गर्दीतून बाहेर पडून आम्ही दोघं घराकडे निघालो. साहेबांच्या हातात शबानानं बळे दिलेली प्लेट होती, आणि मिशीत थोडं चीज राहिलं होतं. ते मी सांगितलं नाही. माझ्या मनात दुसरंच होतं, आणि ते साहेबांच्या फाटकाशी आल्यावर एकदाचं बोलून टाकलं.

"साहेब, मी तुम्हाले त्या दिवशी मुद्दाम नेलं होतं. तुम्ही फ्राईज दाबून पाहाल आन् लोक हसतील म्हणून. माझं चुकलं."

साहेबांनी फाटकाची कडी काढली. आतल्या अंधाऱ्या व्हरांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "समजलं होतं मले, वहिनी. तरी आलो. मालती वांगं चिराच्या आधी माह्या हातात द्याची, म्हणे पाहा बरं कसं आहे. ती गेली तेव्हापासून मले कोणी काही पाहाले सांगितलंच नाही. उद्या तुम्हाले भाजी आणाची असन त आवाज द्या, मी सकाळी आठलाच तयार राहतो."