खैरनारभाऊंचं उद्घाटन

खैरनारभाऊंच्या घरात फ्रिजच्या हँडलपासून चपलांच्या कपाटापर्यंत लाल फीत बांधलेली दिसली, की समजावं, आणखी एक ऑनलाइन व्यवसाय सुरू होतोय. म्हणजे आणखी एक बंद पडतोय. दोन्ही गोष्टी साधारण एकाच संध्याकाळी उरकतात.

ज्या दुकानाला दार नाही, पायरी नाही, पाटी नाही, त्याची फीत कापायला प्रमुख पाहुणे बोलावणारा माणूस अख्ख्या नाशिकात दुसरा नसावा. फीत कापली की पाहुण्यांनी लॅपटॉपचं एक बटण दाबायचं. टाळ्या. मग शाल, श्रीफळ, पेढा आणि दोन शब्द. कार्यक्रम संपला की शाल परत मागतात. "पुढच्या वेळी लागेल ना, ताई!" नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी होते. फीतसुद्धा वाया जात नाही. कापलेली टोकं गाठ मारून पुन्हा जोडली जातात. त्यामुळे दर व्यवसायागणिक फीत आखूड होत चालली आहे आणि चपलांचं कपाट फ्रिजकडे सरकत चाललं आहे.

मी सोसायटीची सेक्रेटरी. पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती, कोणाची गाडी कुठे, या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. म्हणून ऑनलाइन तांब्याच्या भांड्यांच्या वेळी प्रमुख पाहुणी मी होते. ऑनलाइन बेदाण्यांच्या वेळी लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाच धरून आणलं. त्याने फीत कापली, पेढा खाल्ला, 'उद्योगातून उन्नती' यावर दोन शब्द बोलला आणि गेला. लिफ्ट तशीच राहिली. ऑनलाइन पैठणीसाठी भाऊ येवल्याला जाऊन मागांसमोर उभे राहून फोटो काढून आले.

"भाऊ, पैठण्यांचं पुढे काय झालं?" मी महिन्याभराने विचारलं.

"पुढे म्हणजे? उद्घाटन झालं की!"

सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून भाऊ प्रेरणा शोधत आहेत. पहाटे त्यांच्या मोबाइलवर कोणीतरी गृहस्थ ओरडतात, "उठा! तुमच्यातला उद्योजक जागा करा!" त्या आवाजाने आमची अख्खी विंग जागी होते. भाऊ मोबाइल छातीवर ठेवून शांत झोपलेले असतात. दिवसा "सुरुवात कधी?" असं विचारलं, तर त्याच छातीवर हात ठेवून म्हणतात, "ते आतून यायला पाहिजे, ताई." आतून दर वेळी सुमनवहिनी येतात, चहाचे कप घेऊन.

एकदा वैतागून मी भाऊंना यादीच करून दिली. खाद्यपदार्थांचा परवाना, वजनकाटा, पाकिटं, कुरियर, पहिलं गिऱ्हाईक. एकेक काम उरकायचं आणि खूण करायची, इतकं सोपं. आठवड्याने पाहते तर यादी फ्रेम करून भिंतीवर लावलेली, वर झेंडूचा हार.

"रोज नमस्कार करतो, ताई. काय मार्गदर्शन केलंय तुम्ही!"

माझ्या यादीला जिवंतपणी हार घालणारे हे पहिलेच.

यंदा मात्र पंचाईत झाली, कारण यंदा माल खरा होता. सुमनवहिनींचं माहेर कळवणकडचं. त्यांचा भाऊ दर वर्षी नागली, म्हणजे नाचणी, पाठवतो आणि वहिनी तिचे पापड करतात. पातळ, तांबूस-काळे, निखाऱ्यावर धरले की अंगभर फुलतात. या उन्हाळ्यात भाऊंनी गच्चीभर वाळत घातलेले पापड पाहिले आणि त्यांना प्रेरणा झाली. ऑनलाइन नागली पापड! "या वर्षी दुप्पट करून ठेव, सुमन!" असं सांगून ते पाहुणे शोधायला बाहेर पडले.

वहिनींनी खरंच दुप्पट केले. आणि एका दुपारी खांदा चोळत माझ्याकडे आल्या.

"ताई, डबे भरून ठेवलेत. या वेळीही फीत कापून झोपले ना, तर हे सगळे पापड मी वाटून टाकीन आणि पुढल्या वर्षी नागलीला हात लावणार नाही. एकटीने किती लाटायचं? यास्ले काही समजस नाही!"

कळवणची बोली वहिनी फक्त रागावल्यावर बोलतात. यांना काही समजत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो तर मला आधीपासून माहीत होता.

मी पदर खोचला. परवान्याचा अर्ज केला, पाकिटं मागवली. पाकिटावर मालकाचा फोटो हवा, म्हणून वहिनींकडे जुन्या उद्घाटनांचे फोटो मागितले. प्रत्येक फोटोत मधोमध पाहुणे, हातात कात्री, चेहऱ्यावर राष्ट्रीय महत्त्वाचं कार्य केल्याचा भाव. कडेला एक स्टीलचं तबक आणि ते धरणारा अर्धा हात. भाऊ कुठेच नाहीत.

"यात भाऊ कुठे आहेत?"

वहिनींनी त्या अर्ध्या हातावर बोट ठेवलं. "हे काय. कात्रीचं तबक कोणीतरी धरायला नको?"

मग त्यांनी सांगितलं. भाऊ कंपनीत शिपाई होते. नवं मशीन येवो, नवी शेड होवो, फीत असायचीच. कापायला कोणी ना कोणी साहेब आणि तबक धरायला खैरनार. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्यासाठी केक आणला. सुरीचं तबक कोणीतरी सवयीने त्यांच्याच हातात दिलं. केक साहेबांनी कापला.

"घरी येऊन म्हणाले, छान झाला कार्यक्रम."

मी फोटो परत दिले. त्यातला एकही पाकिटाच्या कामाचा नव्हता.

पापडांच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणी पुन्हा मीच होते. बाकीचे बहुधा सावध झाले होते. फीत आता इतकी आखूड झाली होती की फ्रिज आणि कपाट यांच्यामधून एका वेळी एकच माणूस जाऊ शकला असता. भाऊ तबक घेऊन माझ्या बाजूला उभे राहिले. मी त्यांच्या हातातून तबक काढून घेतलं.

"अहो ताई, हे काय? तबक मी..."

"कापा."

भाऊंनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त फ्रिज होता.

"तुम्हालाच म्हणतेय, भाऊ. घ्या कात्री."

"पण मी तर घरचाच माणूस. पाहुणे तुम्ही आहात."

"मग पाहुणीचं ऐका," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

भाऊंनी कात्री घेतली. इतक्या वर्षांत शेकडो जणांना दिलेली कात्री त्यांना धड धरता येत नव्हती. पहिल्यांदा फीत नुसतीच चेपली. दुसऱ्यांदा तुटली. टाळ्या आम्ही दोघींनीच वाजवल्या, त्यातही मी एका हाताने तबक सांभाळत. वहिनींनी शाल त्यांच्याच खांद्यावर टाकली. भाऊंनी तुटलेली फीत हातात गोळा केली.

मग म्हणाले, "आता?"

"आता पापड," मी म्हटलं. "वजन करून पाकिटात भरायचे."

पहिली ऑर्डर मी केली होती, खालच्या मजल्यावरून, रीतसर ऑनलाइन. दोन दिवसांनी बेल वाजली. भाऊ दारात, हातात तबक, तबकात पार्सल. पार्सलला ती लाल फीत बांधलेली, सगळ्या गाठींसकट.

"अहो, पुढच्या वेळी लागेल ना फीत?"

"कशाला, ताई?"

"बरं, आत या. चहा टाकते."

"नको, कुरियरवाला यायच्या आत पाकिटं भरायचीत. सुमन एकटीच बसलीय."

चहाला नाही म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

पाकिटावर अखेर उद्घाटनाचाच फोटो आहे. वहिनींनी मोबाइलवर काढलेला. मधोमध भाऊ, अखंड, कात्रीसकट. डोळे मात्र घट्ट मिटलेले. दुसरा काढू म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, राहू द्या. कडेला एक तबक आणि कोणाचं तरी कोपर आलंय. गिऱ्हाइकं विचारतात म्हणून सांगते, ते माझं.