नळीतले रक्त आणि साळिंदराचा सत्कार

बालमित्रांनो, आणि पदवीधर बालमित्रांनो, एका जंगलात एक प्रयोगशाळा होती. जंगलात वाघ कमी आणि अध्यक्ष जास्त, असा तो काळ होता.

तिथे त्र्यंबक नावाचे साळिंदर काम करी. रक्त काढायला त्याला बाहेरून सुई आणावी लागत नसे.

हौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या रानम्हशीला रक्तदाब होता. तिच्यासाठी घोणशीच्या विषातून एक पेप्टाइड औषध काढले होते. पेप्टाइड म्हणजे बारीक मण्यांची माळ समजा. रक्तात कात्र्या असतात. त्या माळ कापतात आणि तुकडे लघवीवाटे बाहेर पडतात. अख्ख्या माळा किती उरल्या आणि तुकडे किती झाले, हे त्र्यंबकाने मोजायचे. त्यावरून डोस ठरायचा. डोस कमी पडला तर हौसाबाईचे डोके ठणकणार, जास्त झाला तर हौसाबाई आडवी.

रक्ताने नळी भरली की मोजण्याआधी तिला हार घालायचा, अशी तिथली रीत होती. अध्यक्ष तरस दादासाहेबांनी हौसाबाईच्या रक्ताची नळी उंच धरून जंगलाच्या उज्ज्वल परंपरेवर भाषण केले. ऊन चढले. त्र्यंबकही दोन शब्द बोलला. ते दोन शब्द काही संपेनात.

मग त्याने मोजले. अख्खी माळ एकही नाही! नुसते तुकडे!

"औषध अंगात टिकतच नाही," त्याने जाहीर केले. "डोस दुप्पट करा."

शोध गाजला. सत्काराची तारीख ठरली. हौसाबाईने दुप्पट डोस घेतला आणि चालता चालता गुडघ्यांवर बसली.

"डाक्टर, समदं गरगर फिरतंय," ती म्हणाली. "असं का हुतंय?"

त्र्यंबक चपापला. त्याने ताज्या रक्तात औषध मिसळले. निम्मे बर्फात ठेवले, निम्मे उन्हात. बर्फात कात्र्या गारठल्या आणि माळा अख्ख्या राहिल्या. उन्हात सगळ्या कापल्या गेल्या. म्हणजे माळ हौसाबाईच्या अंगात तुटलीच नव्हती. ती नळीत तुटली होती, भाषण चालू असताना.

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. 'हे गाढवालासुद्धा कळलं असतं,' तो मनात म्हणाला. मग त्याला आठवले, उपाध्यक्ष गाढवच होते, आणि त्यांनाही कळले नव्हते.

त्याने हौसाबाईचे पुन्हा रक्त काढले आणि बर्फाच्या पेटीत ठेवले. "संध्याकाळच्या डोसाआधी आकडा सांगतो," म्हणाला. वाटेत सत्काराचा मांडव लागला. तो तडक आत शिरला.

"शोध चुकीचा आहे," तो ओरडला. "चूक माझी आहे!"

लगेच टाळ्यांचा कडकडाट.

"केवढा हा प्रामाणिकपणा!" दादासाहेब गहिवरले. शोधाची शाल तो आत शिरताच पांघरून झाली होती. आता त्यावर प्रामाणिकपणाची आली. चूक कशी झाली ते पुन्हा पुन्हा सांगा, असा आग्रह झाला. त्र्यंबकाने सांगितले. तिसऱ्यांदा सांगताना त्याने त्यात थोडा रंगही भरला. खरे सांगायचे तर त्याला फार बरे वाटत होते.

तेवढ्यात हौसाबाई मांडवाच्या दाराशी आली. "डाक्टर, डोस किती घेऊ?"

त्र्यंबकाने पेटी उघडली. आत कोमट पाणी होते.

"हौसाबाई, अजून थोडंसं रक्त..."

"माझं रक्त तुमच्या कार्यक्रमालाच पुरंना, बाबा. माझ्या अंगात कधी फिरायचं त्यानं?"

एवढे बोलून ती झोकांड्या खात, औषधाविना, पलीकडच्या जंगलाकडे निघाली. तिला थांबवायला त्र्यंबक उठला. पण दोन्ही शालींत त्याचे काटे अडकून बसले होते.

तात्पर्य : आपली चूक नेहमी चारचौघांत, मोठ्या मनाने कबूल करावी. त्याने रोगी वाचतोच असे नाही, पण शाल दुसरी मिळते.