तेहेतिसाव्या पानाचा शिक्का

चाळीस वर्षं घरोघरचे पाण्याचे मीटर वाचून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी पुस्तक लिहिलं, स्वखर्चानं छापलं, आणि त्याच्या तीनशे प्रती पलंगाखाली रीतसर दाखल झाल्या. पुस्तकाचं नाव ‘दारापर्यंत’. एवढी वर्षं लोकांच्या दारात उभं राहून जे दिसलं आणि जे कानावर आलं, ते त्यात होतं. पन्नासेक प्रती सही करून आप्तेष्टांना वाटल्या. पुस्तक उत्तम आहे, असा सगळ्यांनी एकमुखानं निर्वाळा दिला. शेजारचे वकील तर म्हणाले, “एका बैठकीत संपवलं हो. मधे उठवेना.”

फक्त अक्कानं प्रत घेतली नाही. अक्का म्हणजे मीटरवाल्यांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी. आई लवकर गेली, तेव्हा पोरक्या भावाला तिनंच वाढवलं, पाटीवर अक्षरंही तिनंच गिरवून घेतली. रोज दुपारी ती सार्वजनिक वाचनालयात खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसे, आणि या बाबतीत तिची श्रद्धा पक्की होती.

“धाकट्या, घरात असतात ते कागद. वाचनालयात असतं ते पुस्तक. तिथं ठेव, मी वाचते. आणि जरा हात उचल. पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे. नजर राहील की नाही, डॉक्टरलाही ठाऊक नाही.”

मीटरवाले कामाला लागले. वाचनालय पुस्तकं चौकातल्या दुकानातून घेई, म्हणून आधी ते तिथं गेले. दुकानदार म्हणाला, “मागणी असेल तर ठेवू.” मीटरवाल्यांनी सोयरेधायरे, शेजारीपाजारी, सगळे एकेक करून पुस्तक मागायला धाडले. आठवड्यानं गेले, तर दुकानदार उठून उभा राहिला.

“साहेब, काय मागणी आहे तुमच्या पुस्तकाला. सत्तावीस जण येऊन गेले.”

“मग ठेवताय ना?”

“भलतंच. नाही म्हटल्यावर माणूस हात हलवत जात नाही, दुसरं काहीतरी घेतोच. तुमचे मेहुणे शब्दकोश घेऊन गेले. इतकं चालणारं पुस्तक दुकानात ठेवून मी बंद पाडू होय?”

मग मीटरवाले थेट वाचनालयात गेले. ग्रंथपालबाई सज्जन होत्या. अकरा ते पाच या वेळात त्यांना प्रत्येकाबद्दल मनापासून वाईट वाटत असे.

“विकत घ्यायचं तर पुस्तक यादीत हवं. यादीत यायचं तर ते आधी तीन वाचनालयांत हवं.”

“तिथं तरी कसं येणार?”

“यादीतून.”

“मी फुकट देतो, बाई.”

“दान बंद आहे. दान समितीच्या सदस्यांनी स्वतःचीच पुस्तकं दान केली. तीन कपाटं भरली, जागा संपली.” बाईंनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. “एक नियम बारा आहे. सभासदानं पुस्तक हरवलं, तर बदली पुस्तक आम्हाला घ्यावंच लागतं.”

“म्हणजे मी पुस्तक हरवू?”

“मी असं काही म्हटलेलं नाही. मी फक्त नियम बारा म्हटलं.”

आता गंमत पाहा. माणूस देवभीरू. न हरवलेलं पुस्तक हरवलं म्हणायला जीभ रेटेना. तेव्हा ते खरोखर हरवणं भाग होतं. कुणाचं नुकसान नको, म्हणून त्यांनी एकोणीस वर्षांत कुणीही न नेलेलं ‘मधमाशीपालन’ निवडलं आणि बसमध्ये ठेवून उतरले. संध्याकाळी कंडक्टर घर शोधत आला. बागेतल्या बाकावर ठेवलं, तर तिघं जण मागं धावले. न्हाव्याच्या दुकानात ठेवलं, तर न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून कोपऱ्यापर्यंत आला. बागेतल्या त्याच बाकावरून यांची छत्री दोनदा गेली होती. पुस्तकाला मात्र गावात कुणी बोट लावेना.

शेवटी बायको म्हणाली, “अहो, एवढं काय त्यात? माझ्या भावाला वाचायला द्या.”

“तो परत देईल ना.”

“शिडी दिलीय अजून?”

आठ दिवसांनी त्यांनी मेहुण्याकडे पुस्तकाची विचारणा केली. मेहुणा म्हणाला, “कुठलं पुस्तक?” मीटरवाल्यांनी त्याला मिठीच मारली.

पिशवीत स्वतःच्या पुस्तकाच्या चार प्रती घालून ते वाचनालयात हजर झाले. बाईंनी अर्ज वाचला आणि त्यांना वाईट वाटलं. “बदली पुस्तक त्याच विषयाचं लागतं हो.”

“माझं तर माणसांवर आहे.”

“तुमच्या सांगण्यावर नाही. तेहेतिसाव्या पानावर वाचनालयाचा आतला शिक्का पडतो, म्हणून तपासणी त्याच पानाची. इतर पानं उघडायची तरतूद नाही.” बाईंनी पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं, “‘राणीमाशी थकली की पोळ्यातली शिस्त बिघडते. अशा वेळी धूर बेतानं द्यावा.’ बरोबर आहे.” शिक्का पडला.

“काय बरोबर आहे? बघू.”

मीटरवाल्यांनी पाहिलं. तेहेतीस ते अठ्ठेचाळीस, सोळाच्या सोळा पानं माश्या. त्यांनी दुसरी प्रत उघडली. माश्या. तिसरी, चौथी, माश्याच. यांचं पुस्तक छापलं गेलं, त्याच आठवड्यात छापखान्यात ‘मधमाशीपालन’ची नवी आवृत्ती निघत होती. त्यातली सोळा पानं यांच्या पुस्तकात शिवली गेली होती.

आणि मीटरवाले? त्यांनी पुस्तक शंभरदा हातात घेतलं होतं. मुखपृष्ठ पाहिलं, आपलं नाव पाहिलं, फोटो पाहिला. पुढचं पाठच होतं, म्हणून पाहिलं नव्हतं.

“बाई, हे पुस्तक चुकलंय.”

“चुकलंय म्हणून तर बसतंय. बरोबर असतं, तर तुम्हाला परत न्यावं लागलं असतं. सही करा.”

ऑपरेशनला चार दिवस उरले होते. मीटरवाल्यांनी सही केली. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, म्हणून पाठीवरच्या नावावर ‘मधमाशीपालन’ अशी चिठ्ठी चिकटली आणि पुस्तक शेतीच्या कपाटात गेलं.

अक्कानं ते खुर्चीत बसून तीन दुपारी वाचलं, नाकाला टेकवून. मीटरवाले समोर बसून तिच्या पानं उलटण्याकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी तिनं चष्मा काढला.

“धाकट्या, माणसं बरी ओळखलीस. मधे माश्या शिरल्यात.”

“छापखान्याची चूक, अक्का.”

“ते कळलं मला. पन्नास जणांना दिलंस ना? त्यातल्या एकानंही माश्यांचं विचारलं नाही?”

मीटरवाल्यांनी तिच्या हातातलं पुस्तक मिटून ठेवलं.

“असू दे. कुणाबद्दल होती ती सोळा पानं?”

“तुझ्याबद्दल.”

अक्कानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाली, “डोळ्यांना पट्टी बांधली की उशाशी बस आणि तोंडानं सांग. ते वाचनालयात नसलं तरी मी पुस्तकच धरीन.”

ऑपरेशन झालं. पट्टी असेतो मीटरवाले उशाशी बसून सांगत होते आणि अक्का हूं हूं करत होती. पट्टी सुटली, तेव्हा खिडकीच्या गजांकडे बघत तिनं ते एकेक करून मोजले.

दवाखान्यातून परतताना जिन्यात शेजारचे वकील भेटले. “काय, पुढचं पुस्तक कधी?”

“मधला भाग कसा वाटला तुम्हाला?”

“अहो, तोच तर कळस. मनुष्यस्वभावाचं काय निरीक्षण.”

तुम्ही वकिलांना हसलात, ते ठीक. तुमच्याही कपाटात एक पुस्तक आहे. पहिल्या पानावर ‘स्नेहपूर्वक’, खाली सही, देणारा अजून हयात. तो भेटला तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते आधी आठवा. मग तेहेतिसावं पान उघडा.